गुडघ्यात बसवायचा विरघळणारा स्क्रू शरीराला चालतो का?

प्रश्न: भावाचं एसीएल (गुडघ्यातला एक अस्थिबंध) तुटलंय. डॉक्टर प्लास्टिक आणि सिरॅमिक मिसळून केलेला, विरघळणारा स्क्रू सुचवतात. शरीरात प्लास्टिक राहिलेलं चालेल का?

उत्तर: मी डॉक्टर नाही. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या इम्प्लांट कारखान्यात क्वालिटी बघतो. (दांडिया बाजारातल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मते मी नटबोल्ट मोजतो. फार चूकही नाही.) त्यामुळे ऑपरेशनचं डॉक्टरांनाच विचारा, मी स्क्रूचं सांगतो.

चालतो, बहुतेकांना. दिसायला तो खडूच्या तुकड्यासारखा पांढरा. आत पॉलिलॅक्टिक ॲसिड किंवा त्याच्याच कुळातलं पॉलिमर (लांब साखळ्यांसारख्या रेणूंचं प्लास्टिक), आणि त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सीॲपेटाइट या सिरॅमिकची बारीक पूड. आपलं हाडही असंच मिश्रण आहे: वजनाने साधारण ६० ते ७० टक्के खनिज, बाकी मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी.

नुसतं पॉलिमर का नाही? शरीरातल्या पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात आणि लॅक्टिक ॲसिड सुटतं. हळूहळू सुटलं तर शरीर जिरवतं. जाड स्क्रूच्या पोटात साचून एकदम बाहेर आलं, तर सूज येते, पाण्याची गाठ होते, कधी भोवतालचं हाडही झिजतं. पूड हे ॲसिड थोडंफार मारते, शिवाय नवं हाड तिला धरून वाढतं. पण पूड वाढवत नेली की स्क्रू ठिसूळ होतो आणि सर्जनच्या हातात, पिळतानाच मोडतो.

आता माझा खरा मुद्दा. ‘बायोकॉम्पॅटिबल’ (शरीराला चालणारा) हा शब्द कच्च्या मालाच्या गोणीवर वाचून समाधान मानू नका. एका जुलैत आमच्याकडे पॉलिमरचे दाणे नीट न वाळवताच मशीनला लागले. ऑपरेटर जेवायला गेला आणि हॉपरचं, म्हणजे दाणे भरायच्या डब्याचं, झाकण उघडं राहिलं. हे पॉलिमर वितळताना ओल असली, की साखळ्या तिथेच तुटतात. स्क्रू कॅलिपरला अचूक उतरले, रंग मात्र किंचित पिवळट वाटला. पॉलिमर विरघळवून द्रावणाचा चिकटपणा तपासला तर बराच उतरलेला, म्हणजे साखळ्या आखूड झालेल्या. तो माल बाहेर गेला असता तर नाव तेच, डबा तोच, पण ताकद लवकर गेली असती आणि ॲसिड भराभर सुटलं असतं. अख्खा लॉट भंगारात काढला. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणूनच आयएसओ १०९९३ (शरीराला चालतं का, हे तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या चाचण्या तयार, निर्जंतुक केलेल्या मालावर व्हाव्या लागतात: त्याचा अर्क पेशींवर घालून बघतात, ॲलर्जी तपासतात, प्राण्याच्या शरीरात बसवून भोवतालच्या ऊतींवर नजर ठेवतात. निर्जंतुक करणंही सोपं नाही. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या, १२१ अंशांत हा स्क्रू वाकेल, म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात आणि मग उरलेला वायू मोजत बसतात. गॅमा किरण वापरले तर साखळ्या आणखी आखूड होतात.

आणि ‘विरघळणारा’ म्हणजे दिवाळीपर्यंत गायब, असं नव्हे. घटकांप्रमाणे दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. टायटॅनियमचा स्क्रूही वाईट नाही. फक्त पुढे एमआरआय काढला तर धातूमुळे चित्र बिघडतं, याच्यामुळे नाही.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: पॉलिमर नेमकं कोणतं आणि पूड कोणती. ऑपरेशननंतर डब्यावरचा लॉट नंबरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवलाय ना, हेही बघा. वर्ष-दोन वर्षांनी गुडघा विनाकारण सुजला, तर तीच फाइल घेऊन जा.