जांभळ्या पैठणीवर ब्लाउज कुठल्या रंगाचा?

प्रश्न : फेब्रुवारीत मुलाचं लग्न आहे, सकाळचा मुहूर्त. माझ्या लग्नातली, 1994 सालची लखलखीत जांभळी पैठणी नेसायची आहे. काठावर मुनिया, पदर भरजरी. जुना ब्लाउज आता होत नाही. मॅचिंग सेंटरवाले जांभळाच काढून दाखवतात, मुलगी काळा म्हणते, मला राणी आवडतो. काय करू?
– एक वरमाई, नाशिक

उत्तर : ताई, जांभळा तर आधी सोडाच. इतक्या वर्षांत रेशमाचा रंग थोडा निवलेला असतो. नवं कापड कितीही जुळवून आणलं तरी साडीशेजारी उपरं दिसतं. मी 31 वर्षं ब्लाउज शिवते आहे; जुन्या पैठणीला हुबेहूब रंग मिळाल्याचं मला एकदाच आठवतं.

काळ्याशेजारी जांभळा विझतो. राणी तुमच्या आवडीचा, म्हणून नको म्हणताना जिवावर येतं. पण जांभळ्यातही लाल असतो नि राणीतही. फोटोत दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

परसात वांग्याचं झाड असेल तर त्याचं फूल बघा. पाकळ्या जांभळ्या, मधे पिवळे केसर. जांभळा सगळ्यात खुलतो तो पिवळ्याशेजारी. रंगचक्रात दोघं समोरासमोरच बसतात. मग हळदी ब्लाउज शिवावा का? तुमच्या साडीवर नको. पिवळ्याचं काम तुमची जर करतेच आहे. शिवाय पदर खांद्यावर येतो तो थेट ब्लाउजवर, आणि हळदीवर सोनेरी जर हरवते.

आता काठाकडे बघा. मुनिया म्हणजे पोपट, पानासारखे हिरवे. त्यांच्या पंखांचा हिरवा घ्या. साडीतलाच रंग असल्यामुळे तो परका वाटणार नाही, त्यावर जर उठून दिसेल आणि हातातल्या हिरव्या चुड्याशीही जमेल.

दुकानात साडी सोबत न्या. ट्यूबलाइटखाली काही ठरवू नका, कापडाचं टोक काठाला लावून दारात उजेडात बघा. जांभळ्याइतका फसवा रंग नाही. पिवळ्या दिव्याखाली तो लालसर दिसतो. कापड रेशमीच घ्या, साटीनची चकाकी जुन्या रेशमाला मारते.

आणि मुनियाची चोच लाल असते ना? बाहीच्या नि गळ्याच्या कडेला राणी रंगाची पायपिंग लावून घ्या, त्या चोचीइतकीच बारीक.