संशोधनाचे विषय निवडताना

प्रश्न : आम्ही खेळाडूंवर कायरोप्रॅक्टिक (मणका आणि सांधे हाताने हलवून करायचे) उपचार करतो. गटासाठी संशोधनाचे विषय ठरवायचे आहेत, पण बैठकीत ज्येष्ठांचेच चालते. काय करावे?

उत्तर : बैठक नकोच, डेल्फी पद्धत वापरा, म्हणजे निनावी मते फेऱ्याफेऱ्यांनी घेऊन सहमती गाठा. पहिल्या फेरीत सगळ्यांकडून निनावी विषय मागवा आणि सारखे एकत्र करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक विषयाला 1 ते 9 गुण. तिसऱ्या फेरीत गटाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा गुण) दाखवून पुन्हा गुण घ्या. सहमतीची अट (समजा, 70 टक्के जणांचे 7 किंवा जास्त गुण) आधीच लिहून ठेवा. निकाल पाहून ठरवली की लाडके विषय आत घुसतात. खेळाडू आणि फिजिओही हवेत, नाहीतर उपचारांचे दुष्परिणाम हा विषय यादीत तळाला जाण्याची भीती. आणि नुसते ‘कंबरदुखी’ लिहून भागत नाही: कोणते खेळाडू, कोणता उपचार, कशाशी तुलना, काय मोजणार?