बाप्तिस्म्यानंतरचं पहिलं वर्ष

हे वर्ष जपून काढ, बाळा. याच काळात आपण दुसऱ्यांचे उपवास मोजायला लागतो.

बायबलमधल्या लूकच्या 18 व्या अध्यायात येशूने एक दाखला दिलाय: मंदिरात प्रार्थनेला आलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, आणि जकातदार, म्हणजे लोक पापी समजत तो करवसुली करणारा. त्यातला परूशी खोटं बोलत नव्हता, हे आधी लक्षात घे. आठवड्यातून दोनदा उपवास, मिळकतीचा दशांश, सगळं करत होता. पण देवापुढे उभा राहून त्याचं लक्ष जकातदाराकडे! जकातदाराने वर बघायचंही धाडस केलं नाही, फक्त दया मागितली. नीतिमान ठरून घरी गेला तो.

ऐरोलीत आमच्या उपासनेला एक बाई दर रविवारी उशिरा यायच्या. मी मान वळवून बघायचो, त्यांना कळेल असं. एकदा त्या शेजारी बसल्या. हातांना फिनेलचा वास होता. रात्रपाळी संपवून पनवेलहून लोकलने उभ्याने आल्या होत्या. त्या दिवशी माझ्या तोंडून गीत फुटेना.

उपवासाच्या दिवशी तोंड धुऊन, केस विंचरून कामाला जा; मत्तयाच्या 6 व्या अध्यायात येशूने हेच सांगितलंय. आणि प्रार्थनेत कुणाचं नाव आलं, तर ते त्याच्यासाठी मागायला आलंय की तुलनेला, एवढं थांबून बघ. मला अजूनही थांबावं लागतं.