टॉवेलचा कार्बन हिशेब : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. युरोपातील खरेदीदाराने कार्बन उत्सर्जनाचा तक्ता भरून मागितला आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : हिशेबनिसाच्या कपाटापासून. महावितरणची बारा महिन्यांची बिले, जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या आणि बॉयलरच्या इंधनाची चलने काढा. उत्सर्जन तीन भागांत मोजतात, त्यांना स्कोप म्हणतात: आवारात जळणारे इंधन म्हणजे स्कोप 1, विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप 2, आणि सूत, रंग, वाहतूक असे आवाराबाहेरचे सारे स्कोप 3. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ग्रिडच्या एका युनिटमागे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार सुमारे 0.7 किलो धरावा लागतो. म्हणजे महिन्याला एक लाख युनिट वापरणाऱ्या कारखान्याच्या नावावर त्या महिन्यात 70 टन पडतात. फताटेवाडीचे एनटीपीसीचे औष्णिक केंद्र हाकेच्या अंतरावर आहे म्हणून हा गुणांक, म्हणजे एका युनिटमागचा आकडा, वाढत नाही, कारण तो साऱ्या देशाच्या ग्रिडचा असतो.

बॉयलरच्या कोळशाची प्रत बदलली की त्याचा गुणांकही बदलतो, म्हणून पुरवठादाराकडून उष्मांकाचा दाखला घ्यावा. बॉयलरमध्ये साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळत असाल, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड स्कोप 1 मध्ये न मिळवता स्वतंत्र दाखवतात. त्याच धुरातील मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप 1 मध्येच येतात. सर्वांत जास्त गफलत होते ती जॉब वर्कमध्ये, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामात. रंगाई बाहेर करून घेणाऱ्याच्या आवारात बॉयलरच नसतो, त्यामुळे त्याचा तक्ता स्वच्छ दिसतो. पण डाईंगवाल्याकडची ती वाफ त्याच्याच टॉवेलसाठी खर्ची पडलेली असते. ती स्कोप 3 मध्ये दाखवलीच पाहिजे.

प्रश्न : माझ्याकडे एका सूचिबद्ध कापड कंपनीचे समभाग आहेत. तिच्या अहवालात उत्सर्जनाची तीव्रता घटल्याचे म्हटले आहे. विश्वास ठेवावा का?

उत्तर : आधी भाजक पाहा, म्हणजे उत्सर्जनाला कशाने भागले आहे ते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा आहे आणि त्यात उत्सर्जन दर रुपया उलाढालीमागे सांगावे लागते. कापूस महागला, टॉवेलचे दर चढले आणि उलाढाल फुगली, तर एक किलोही कोळसा न वाचवता ही तीव्रता खाली येते. म्हणून एकूण टनांचा आकडा आणि दर टन उत्पादनामागचा आकडा शेजारी ठेवून वाचावेत. त्याच अहवालात स्कोप 3 ऐच्छिक आहे. ज्या वर्षी उत्सर्जन घटले त्याच वर्षी बाहेरून करून घेतलेल्या कामाचा खर्च वाढला असेल, तर धूर कमी झाला नसून त्याचा पत्ता बदलला आहे, असा संशय घेण्यास पुरेपूर जागा आहे. अहवाल फक्त मूळ कंपनीचा आहे की उपकंपन्यांसह, हेही त्यात नमूद असते.

प्रश्न : ‘2050 पर्यंत नेट झिरो’ या घोषणेला किती किंमत द्यावी?

उत्तर : नेट झिरो म्हणजे उत्सर्जन शक्य तितके घटवून उरलेले हवेतून तितकाच कार्बन काढून शून्यावर आणणे. आधारवर्ष, म्हणजे घट ज्या वर्षाशी तुलना करून मोजायची ते वर्ष, आणि 2030च्या आसपासचा टप्पा दिलेला नसेल, तर फार नाही. कंपन्यांची उत्सर्जनाची उद्दिष्टे तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या नेट झिरो मानकात बहुतेक कंपन्यांना दीर्घ मुदतीत किमान 90 टक्के उत्सर्जन प्रत्यक्षात घटवावे लागते. कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या घटीचे प्रमाणपत्र, विकत घेऊन ही घट दाखवता येत नाही. मी स्वतः घोषणेआधी भांडवली खर्चाचे पान उघडतो. यंदा कोळशाचा नवा बॉयलर बसवणारी कंपनी पुढची दोन दशके काय जाळणार आहे, हे तिथेच कळते.

प्रश्न : युरोपचा कार्बन कर टॉवेलवर लागू झाला आहे का?

उत्तर : नाही. सीबीएएम हा सीमाकर 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष अमलात आला असला, तरी तो सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्यापुरता आहे. खरेदीदार तक्ता मागतो तो त्याच्या स्वतःच्या स्कोप 3 साठी, कारण तुमचा स्कोप 1 आणि 2 त्याच्या खात्यात तिथेच जमा होतो.