‘म्हणजे?’ या प्रश्नाची भीती

“हुशार आहे हो, पण प्रोजेक्ट सांगायला उभी राहिली की बोबडीच वळते. आत्मविश्वास वाढेल असं काहीतरी करा.” विज्ञान प्रदर्शनांचा मोसम आला की कुठली ना कुठली आई हे वाक्य घेऊन माझ्यासमोर बसते. त्यातल्याच एकीच्या मुलीची ही गोष्ट. तिला ऋतुजा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ऋतुजा नववीत. आदल्या वर्षी तिने मॅगलेव्ह रेल्वेचं, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणाऱ्या गाडीचं, मॉडेल नेलं होतं. खरं तर बाबांनी दोन रात्री जागून ते केलं, चार पानं माहितीही नेटवरून काढून दिली, आणि तिने ती घडाघडा पाठ केली. परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका चुंबकावर बोट ठेवून विचारलं, “हे इथेच का लावलंस?” तिने मागे वळून बाबांकडे पाहिलं. पुढे नुसतं रडू. यंदा विषय होता रोजच्या वापरातल्या एका उपकरणामागचं भौतिकशास्त्र, आणि यादीत नाव लागल्यापासून तिच्या पोटात दुखत होतं.

आईला बाहेर बसवलं आणि इकडचं तिकडचं विचारत राहिले. गणपतीत सोसायटीच्या नाटकात बाईसाहेबांनी सासू केली होती! समोरची मुलगी संवाद विसरली तेव्हा हिने मनाची दोन वाक्यं घालून प्रसंग सांभाळून नेला. मी म्हटलं, मग प्रदर्शनात काय होतं? ओढणीच्या टोकाला बऱ्याच गाठी मारून झाल्यावर म्हणाली, “नाटकात कुणी मधेच विचारत नाही ना, असं का म्हणालीस म्हणून.”

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. काही मुलांना दुकानात सुट्टे पैसे मागायचीही धास्ती असते, ती लग्नकार्यं टाळतात, शाळा टाळतात, आणि हे महिनोन् महिने चालतं. त्यांचा प्रश्न वेगळा, उपचारही वेगळे. तिथे उशीर करू नये. ऋतुजाचं तसं नव्हतं. तिला लोकांची भीती नव्हती, पकडलं जाण्याची होती. आणि मला विचाराल तर ती भीती रास्त होती. उसनं घेतलेलं ज्ञान परत मागितलं की कुणाचेही पाय लटपटतील.

तिने इंडक्शन शेगडी निवडली होती. पहिलंच वाक्य वाचून दाखवलं: “उच्च वारंवारतेच्या प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रामुळे पात्राच्या तळाशी आवर्त प्रवाह प्रवर्तित होतात.” मी विचारलं, “म्हणजे?” शांतता. माझं भौतिकशास्त्र दहावीत सुटलं ते सुटलंच, त्यामुळे हा प्रश्न मी नाटक करून विचारत नव्हते. आमचं ठरलं: मला कळणार नाही ते वाक्य खोडायचं. आठ दिवस नेट बंद, फक्त स्वयंपाकघर आणि फ्रीजवरचं चुंबक. बाबांसाठी नियम असा, की ज्याचं उत्तर त्यांना खरंच येत नाही तेवढंच विचारायचं. आई थोडी नाराज झाली. प्रदर्शन पाच आठवड्यांवर, आणि मी सांगतेय भांडी वाजवा.

पुढच्या भेटीत ती वही घेऊन आली. बिडाच्या तव्याला चुंबक चिकटतं, शेगडी चालते. आजीच्या अॅल्युमिनियमच्या कुकरला चिकटत नाही, शेगडी नुसती पीं पीं करते. पातेल्याखाली वहीचं पान ठेवून आईसमोर पाणी उकळलं, पान जळलं नाही. “म्हणजे मावशी, शेगडी तापतच नाही. पातेलंच तापतं, आणि काच तापते ती पातेल्यामुळे.” हे वाक्य मला कळलं. राहिलं.

मग पुस्तकं आणि नेट परत सुरू केलं, कारण आता तिच्याकडे विचारायला प्रश्न होते. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, हे तिला आवडलं. त्याहून आवडलं ते २९ ऑगस्ट १८३१ चं. लोखंडी कड्यावर त्याने तारेची दोन वेटोळी गुंडाळली होती. एक बॅटरीला जोडताना आणि सोडताना तेवढाच दुसऱ्याला लावलेला काटा हलला. प्रवाह एकसारखा चालू असताना ढिम्म. “बदल पाहिजे,” ऋतुजा म्हणाली. घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते; शेगडीतलं सर्किट ती वीस हजारांच्याही वर नेतं, काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून खेळवतं, आणि बदलत्या चुंबकत्वाने तव्याच्या बुडात विजेचे भोवरे उठतात. तेच तिच्या पहिल्या वाक्यातले आवर्त प्रवाह, म्हणजे एडी करंट.

एका संकेतस्थळावर लिहिलं होतं की अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही म्हणून त्यात प्रवाह तयारच होत नाही. बाबांना ते पटलं, हिला नाही. कारण तिने एक लहानसं पण ताकदवान निओडिमियमचं चुंबक फॅब्रिकेशनवाल्याकडच्या जाड अॅल्युमिनियम पट्टीवरून घसरवून पाहिलं होतं. लाकडी पट्टीवर सर्रकन खाली, अॅल्युमिनियमवर मात्र मधात पडल्यासारखं. प्रवाह तयार होतोच, तोच त्याला अडवतो. मग कुकर का तापत नाही? उत्तर तिने शाळेतल्या बाईंच्या मदतीने लावलं. लोखंडाचा विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, जास्त, शिवाय त्यात प्रवाह अगदी पातळ थरात कोंबला जातो, म्हणून तव्यात खूप उष्णता निघते. अॅल्युमिनियम विजेला सहज वाट देतं, त्यामुळे तापायचं तेवढं तापत नाही. हे मला समजायला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ती वैतागली होती, आणि हात अजिबात थरथरत नव्हते.

आम्ही एकच गोष्ट घोटून घेतली: “हे मला माहीत नाही” हे वाक्य, मान खाली न घालता. पहिल्या दिवशी ते तिच्या तोंडून निघेना.

प्रदर्शनात ते लागलंच. मांडलेल्या भांड्यांतलं स्टीलचं एक पातेलं उचलून परीक्षक म्हणाले, “स्टील म्हणजे लोखंडच की. मग याला चुंबक का चिकटत नाही?” ती म्हणाली, “माहीत नाही, सर. हे दुसरं पातेलंही स्टीलचंच, याला चिकटतं. म्हणून दोन्ही आणलीत.” परीक्षकांनी दोन्हींना स्वतः चुंबक लावून पाहिलं आणि बराच वेळ तिथेच थांबले. नंबर आला नाही. आईचा चेहरा थोडा उतरला होता, ते तिने मला फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं.

दहा दिवसांनी ऋतुजा शेवटच्या भेटीला आली. बसायच्या आधीच टेबलावरच्या माझ्या स्टीलच्या बाटलीला तिने खिशातलं चुंबक लावलं. चिकटलं नाही.

“निकेलवालं आहे,” ती म्हणाली. “निकेल पुरेसं घातलं की आतले अणू वेगळ्या रचनेत बसतात.”

“म्हणजे?” मी विचारलं.

ती खुर्ची ओढून बसली.