लिस्टमधलं [०]: पहिला, शून्यावा की अजून काही?

प्रश्न एका ताईंचा आहे, त्या आठवी-नववीच्या मुलांना मराठीतून पायथॉन ही संगणकाची भाषा शिकवतात. पायथॉनमध्ये लिस्ट म्हणजे घटकांची यादी, आणि चौकटी कंसातला आकडा म्हणजे इंडेक्स, तो यादीतली जागा सांगतो, शून्यापासून मोजून. लिस्टमधल्या [०] ला 'पहिला घटक' म्हणायचं की 'शून्यावा घटक', आणि शून्यावा हा शब्द तरी बरोबर आहे का, की 'शून्यवा' हवं? त्याला एक शेपूटही आहे, की यादीचा तुकडा मागणारं [१:३] वाचताना 'एकपासून तीनपर्यंत' म्हटलं की मुलं तीनवरचं पण धरतात, मग काय म्हणावं.

आधी व्याकरणाचं उरकून टाकू. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे चौघं आपापल्या तऱ्हेचे, त्यांना नियम नाही. पाचपासून अठरापर्यंत नुसता 'वा' लागतो, पाचवा, नववा, अठरावा, आणि एकोणीसपासून साधारण 'आवा' लागायला लागतो, एकोणिसावा, विसावा, पन्नासावा. शून्य या रांगेत कधी बसलेलंच नाही कारण क्रम लावताना शून्यापासून कोणी सुरुवात करत नव्हतं, त्यामुळे कानावरच भिस्त ठेवायची. शंभराचा तसा शंभरावा, हजाराचा तसा हजारावा, मग शून्याचा तसा शून्यावा. 'शून्यवा' म्हणून बघा, जीभ अडखळते. तर शब्द म्हणून शून्यावा ठीक, शून्यावी, शून्यावं, शून्याव्या सगळं होतं.

पण शब्द होतो म्हणून तो इथे वापरावा असं नाही, आणि माझं मत विचाराल तर वर्गात वापरू नये. उष्मागतिकीत, म्हणजे उष्णतेच्या शास्त्रात, झीरोथ लॉ आहे ना, त्याला शून्यावा नियम म्हणणं मला पटतं, कारण पहिला आणि दुसरा ही नावं आधीच वाटली गेली होती आणि त्याही खालचा पायाभूत नियम नंतर लक्षात आला, मग तो बसवायचा कुठे, तर पहिल्याच्या आधी. लिस्टमध्ये अशी काही अडचणच नाही. 'पहिला' हे नाव तिथे मोकळं पडलंय, कोणी घेतलेलं नाही.

समजा ही लिस्ट आहे (मराठीत यादी म्हणा आणि पुढे चला):

भाज्या = ["बटाटा", "कांदा", "भेंडी", "गवार", "वांगं"]

आता बटाटा शून्यावा म्हटला की ओघाने कांदा पहिला, भेंडी दुसरी आणि वांगं चौथं. म्हणजे पाच भाज्यांच्या यादीत शेवटची भाजी चौथी. आणि 'पहिली भाजी कुठली' असं विचारलं तर अर्धा वर्ग बटाटा म्हणणार आणि अर्धा वर्ग कांदा, आणि दोघंही बरोबर! घोळ शून्यामुळे होत नाही, तर क्रमवाचक शब्द आणि इंडेक्स या दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच समजतो त्याने होतो. पहिला-दुसरा हे शब्द सांगतात की ही वस्तू धरून किती झाल्या. इंडेक्स सांगतो की ही वस्तू सोडून मागे किती गेल्या. बटाट्याच्या मागे शून्य भाज्या, वांग्याच्या मागे चार.

आणि हा फरक मराठीला नवा अजिबात नाही. मुलाचा चौथा वाढदिवस झाला की आजी म्हणते 'पाचवं लागलं', आणि कागदावर आपण लिहितो वय वर्षं ४. चालू वर्ष पाचवं, पूर्ण झालेली चार. पायथॉनचा इंडेक्स म्हणजे ते पूर्ण झालेल्या वर्षांचं वय आहे, तान्ह्या बाळाचं पहिलं वर्ष चालू असतं आणि वय शून्य असतं, त्याला कोणी 'शून्यावं चालू आहे' म्हणत नाही. मुलांना हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागू नये.

पंचांगवाल्यांकडे तर याला नेमके शब्द आहेत, गत आणि वर्तमान. जुन्या शिलालेखांत, ताम्रपटांत शकाचं वर्ष दोन्ही तऱ्हेने दिलेलं सापडतं, आणि बहुतेक वेळा ते गत असतं, म्हणजे इतकी वर्षं होऊन गेली. आपण अजूनही तेच वापरतो. इसवी सनातून ७८ वजा केले की पाडव्यानंतरचा शक मिळतो, २०२४ वजा ७८ म्हणजे १९४६, आणि याच हिशोबाने इ.स. ७८ मध्ये सुरू झालेल्या अगदी पहिल्या वर्षाचा आकडा येतो शून्य. घ्या, झीरो इंडेक्सिंग!

संगणकवाल्यांमध्ये डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एक छोटंसं हस्तलिखित टिपण लिहिलं होतं, मोजणी शून्यापासून का करावी यावर, त्यातही मुद्दा हाच आहे की घटकाचा आकडा म्हणजे त्याच्या आधी असलेल्या घटकांची संख्या मानावी. सी भाषेत तर ते कारण उघडच दिसतं, यादी जिथे सुरू होते त्या पत्त्यापासून किती घरं पुढे जायचं तो आकडा म्हणजे इंडेक्स, पहिल्या घरासाठी कुठेच जायचं नाही म्हणून शून्य.

मग तोंडाने म्हणायचं काय? 'शून्य नंबरचा' सुचेल पण जपून, कारण मग पुढे 'एक नंबर' आणि 'दोन नंबरचा' येणार, आणि दोन नंबरची भेंडी म्हटल्यावर वर्ग पुढची दहा मिनिटं तुमच्या हातात राहणार नाही. 'निर्देशांक' पुस्तकात शोभतो, पण तो ऐकला की लोकांना शेअर बाजार आठवतो, आणि दहावीच्या भूमितीत बिंदूचे निर्देशक असतात ते जवळचंच अजून एक. मला सगळ्यात सोपं वाटतं ते 'वर'. 'शून्यावर काय आहे? बटाटा. तीनवर काय आहे? गवार.' कॉलेजातली पोरं 'झीरोवर काय आलं' असं बोलतातच, कोणी शिकवलेलं नसतं त्यांना. त्यामुळे वाक्य असं करा: पहिला घटक शून्यावर असतो, दुसरा एकवर. क्रमवाचक शब्द वस्तूला, नुसता आकडा जागेला. दोन्ही एका वाक्यात आले तरी भांडत नाहीत. ('शून्यावर बाद' असा विनोद एकदा होईल, होऊ द्या.)

गंमत अशी की मागून मोजताना ही अडचणच येत नाही. भाज्या[-१] म्हणजे वांगं, शेवटून पहिलं. भाज्या[-२] म्हणजे गवार, शेवटून दुसरी. इथे आकडा आणि क्रमवाचक शब्द नीट जुळतात, कारण उणे शून्य वेगळं काही नसतं, ते शून्यच, म्हणून मागून मोजणी एकपासूनच सुरू करावी लागते. खरं म्हणजे -१ हे 'लांबी वजा १' चं छोटं रूप आहे, पाच वजा एक चार, आणि चारवर वांगं.

आता ते शेपूट, 'पर्यंत'चं. हा शब्द मराठीत दोन तऱ्हेने चालतो आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. 'पाचव्या पानापासून नवव्या पानापर्यंत वाचून या' म्हटलं की नववं पान धरूनच. 'आठ वाजल्यापासून नऊ वाजेपर्यंत वाचा' म्हटलं की नऊच्या ठोक्याला पुस्तक मिटलं, नऊ ते दहा हा तास कोणी धरत नाही. म्हणजे मोजायच्या वस्तू असल्या की शेवटची वस्तू आत, आणि नुसती सीमा असली की सीमेवर थांबायचं. भाज्या[१:३] मधले आकडे दुसऱ्या जातीचे आहेत, त्या सीमा आहेत. पायथॉनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्येही असंच सुचवलंय, की इंडेक्स दोन अक्षरांच्या मधल्या फटीत आहेत असं समजा. बटाट्याच्या आधीची फट शून्य, बटाटा आणि कांद्यामधली एक, अशा. मग एक ते तीन या फटींमध्ये कांदा आणि भेंडी एवढंच उरतं, तीन वजा एक दोन, दोनच भाज्या, हिशोब जुळला. बोलताना 'एकपासून तीनच्या आधीपर्यंत' म्हणा, लांबतं थोडं पण गैरसमज होत नाही. आकड्यांची रांग देणाऱ्या रेंज(५) ला पण तेच, शून्यापासून पाचच्या आधीपर्यंत, आणि भाज्या[५] मागितलं की 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज' म्हणून प्रोग्राम हात वर करतो, कारण पाच भाज्या आहेत खऱ्या पण पाचवर काही नाही.

एक मात्र बघा, तुमची मुलं आधी मुलांसाठीची स्क्रॅच ही भाषा शिकून आली असतील तर तिथल्या लिस्ट एकपासून सुरू होतात, लुआ आणि ज्युलिया या भाषांमध्ये पण तसंच, त्यामुळे 'संगणक शून्यापासूनच मोजतो' असं ठोकून देऊ नका, मुलं तुम्हाला पकडतील. जुन्या जीडब्ल्यू-बेसिक भाषेत तर ए नावाच्या यादीसाठी डिम ए(१०) लिहिलं की ० ते १० अशी अकरा घरं मिळायची, ज्याला शून्य हवं त्याने शून्यापासून भरा, ज्याला एक हवं त्याने ते घर रिकामं सोडा.

आणि हो, मी इथे [०] मराठी आकड्यात लिहिलंय ते वाचायला. व्हेरिएबलचं, म्हणजे ज्यात माहिती ठेवतो त्याचं, नाव 'भाज्या' असं देवनागरीत दिलेलं पायथॉन ३ ला चालतं, इंट("५") असं अवतरणात दिलं तर त्याचा पाच हा आकडाही तो बरोबर करून देतो (इंट तेवढं इंग्रजीत टाइप करा), पण कोडमध्ये कंसात थेट मराठी शून्य टाकलं तर सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमांची चूक) येणार, तिथे इंग्रजी आकडाच हवा.