चांगल्या दाताला ऍसिड कशाला?

“मॅडम, पोरीचा दात चांगला आहे की हो! मग ऍसिड कशाला लावताय त्याला?” खानापूरकडच्या गावातून आलेल्या आईचा हा पहिलाच प्रश्न. शाळेतल्या तपासणीत 7 वर्षांच्या मुलीला सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ लेप, सुचवलं होतं. चिठ्ठी कन्नडमध्ये, शेजारच्या मुलाने वाचून दाखवली, त्यातलं ऍसिड तेवढं डोक्यात राहिलं. वर सासूबाईंचं म्हणणं, दुधाचे दात पडणारच, त्यावर खर्च कशाला?

सुरुवात सासूबाईंपासून केली, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं कुणाला कळतच नाही. पण ती कायमची. मुलीला तोंड उघडायला लावून आईला ती दाखवली. तिच्यावरच्या खाचा इतक्या अरुंद की ब्रशचा केसही आत शिरत नाही. बिस्कीट आणि कुंदा मात्र बरोबर तिथेच चिकटतात. (कुंदा बंद करा, असं बेळगावात सांगायची माझी हिंमत नाही. जेवणाबरोबर खा, दिवसभर तोंडात घोळवू नका, एवढंच म्हणते.)

ऍसिडची भीती मी उडवून लावली नाही. ते खरंच ऍसिड असतं, फॉस्फोरिक, पण काही सेकंदच. गिलावा धरावा म्हणून भिंत खरबरीत करतात, तसा दाताचा वरचा थर किंचित खरखरीत होतो. मग दात धुऊन, वाळवून खाचांत पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) सोडतात आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात. सुई नाही, ड्रिल नाही.

“आणि ते प्लास्टिक पोटात जातं म्हणे?” काही सीलंटमधून सुरुवातीला बीपीए हे प्लास्टिकमधलं रसायन अत्यल्प प्रमाणात लाळेत येतं, त्याने अपाय होत असल्याचं दिसलेलं नाही. उलट अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनुसार सीलंटमुळे दाढांची सुमारे 80 टक्के कीड 2 वर्षं टळते. 4 वर्षांपर्यंत 50 टक्के. दोन दातांमधल्या फटीत मात्र त्याचा उपयोग नाही. तिथे फ्लोराइडची पेस्ट हवीच, दोन वेळा. आणि सहा महिन्यांनी तपासणी, कारण सीलंटचा तुकडा निघूही शकतो.

मुलीच्या अशा चार नव्या दाढांपैकी एक अजून अर्धी हिरडीखाली होती. ओल राहिली की रेझिन धरत नाही, म्हणून तिन्हींवर लावलं, चौथीला नंतर बोलावलं.

निघताना आईने हळूच विचारलं, “थोरला 12 वर्षांचा आहे. त्याचं वय गेलं काय?” गेलं नाही, त्याची दुसरी कायमची दाढ याच सुमारास येते. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी घेऊन या म्हटलं.